इस्तंबूल : ठिकाणं कमी करा, फेऱ्या वाढवा

प्रश्न असा आहे : "आम्ही पन्नाशी ओलांडलेले दोघं नवरा-बायको ऑक्टोबरात नऊ दिवस इस्तंबूलला जातोय. आया सोफिया, तोपकापी राजवाडा वगैरे पाहूच, पण मुख्य म्हणजे तिथली माणसं रोज कशी जगतात ते अनुभवायचंय. टूरवाल्यांचं 'लोकल एक्स्पीरियन्स' नको. मी शाकाहारी, हे सगळं खातात. कुठे कुठे जावं?"

त्यातलं "कुठे कुठे" आधी खोडून टाका. गेली चौदा वर्षं मी लहान गटांना इस्तंबूलला नेते आहे, मधली तीन वर्षं तर तिथेच भाड्याच्या घरात राहिले. सुरुवातीला मीही लोकांना यादी द्यायचे. बालात वस्तीतली रंगीत घरं, अमुक गल्ली, तमुक कॅफे. लोक जायचे, वाळत घातलेल्या कपड्यांचे फोटो काढायचे आणि "खरं इस्तंबूल पाहिलं" म्हणत परत यायचे. ज्या आजींच्या चादरी फोटोत होत्या, त्या मात्र खिडकी लावून घ्यायच्या. रोजचं जगणं एकदा जाऊन बघता येत नाही. त्याच चहावाल्याकडे तिसऱ्या दिवशी गेलात आणि त्याने न विचारता ग्लास पुढे ठेवला, की तिथून ते सुरू होतं. म्हणून नऊपैकी अडीच दिवस स्मारकांना द्या आणि उरलेले साडेसहा एकाच वस्तीत घालवा. कंटाळा येईल ही भीती सगळ्यांना वाटते. मलाही वाटली होती.

राहायचं कुठे, यावर अर्धं गणित ठरतं. सुलतानअहमतमध्ये राहू नका. आया सोफिया तिथून चालत आहे हे खरं, पण रात्री दुकानं मिटली की तिथे हॉटेलं आणि त्यांचे पाहुणे एवढेच उरतात. बॉस्फरस सामुद्रधुनीच्या आशियाई बाजूला कादिकॉय किंवा उस्कुदार घ्या. कादिकॉय तरुण आहे. पुस्तकांची दुकानं, मासळीबाजार, रात्री उशिरापर्यंत जाग. उस्कुदार धार्मिक वळणाचं आणि लवकर झोपणारं, संध्याकाळी सगळं गाव किनाऱ्यावर चहा पीत बसलेलं. तुमच्या वयाला उस्कुदार मानवेल असं कुणी सांगेल, पण मी कादिकॉयच सुचवेन, कारण तिथे पायी फिरण्यात जास्त गंमत आहे. शिवाय साबिहा गोक्चेन विमानतळावर उतरलात तर मेट्रो थेट कादिकॉयला येते.

कादिकॉयचं जुनं नाव खाल्केदोन. समोरच्या किनाऱ्यावर एवढी सुरेख जागा मोकळी असताना इथे वस्ती करणारे आंधळेच असले पाहिजेत, असा शेरा एका पर्शियन सेनापतीने मारल्याचं हिरोडोटसने लिहून ठेवलंय. सन 451 मध्ये ख्रिस्ती धर्माची एक मोठी परिषदही इथे भरली होती. त्यातलं आज डोळ्यांना दिसेल असं काही उरलेलं नाही, आणि मला विचाराल तर तेच बरं. बघायला काही नाही म्हणून बसेस येत नाहीत.

आता वापुर. वापुर म्हणजे फेरीबोट. बॉस्फरसमधली नियमित बोटसेवा 1851 च्या कंपनीपासूनची आहे, आणि आज पाण्यावर पूल, पाण्याखाली बोगदे असूनही (मारमराय रेल्वे 2013 ला सुरू झाली) लोक वापुर सोडत नाहीत. तुम्हाला टूरवाले "बॉस्फरस क्रूझ" विकतील. त्यापेक्षा सकाळी आठच्या सुमाराला कादिकॉयच्या धक्क्यावर जा, इस्तंबूलकार्ट (बस-मेट्रो-बोटींचं कार्ड) टेकवा आणि कामावर निघालेल्या माणसांबरोबर समोरच्या युरोपीय किनाऱ्यावर एमिनोनूला जा. वीस मिनिटांचा प्रवास. आत न बसता बाहेरच्या बाकावर बसा. चहावाला ट्रेमध्ये ग्लास घेऊन फिरत येतो. हलत्या बोटीत एक थेंब न सांडता तो बशी तुमच्या हातात ठेवतो आणि रिकामा ग्लास न्यायला बरोबर उतरायच्या आधी येतो. शेजारचा माणूस सिमित म्हणजे तिळाचं कडं खात असेल आणि तुकडे मोडून सीगलना देत असेल. डावं-उजवं बघत बसाल तर मागे 1908 चं हैदरपाशा स्टेशन, पुढे तोपकापीची झाडी, मग आया सोफियाचा घुमट. आजूबाजूला मात्र कुणी मान वर करत नाही. सगळे फोनमध्ये, वर्तमानपत्रात, नाहीतर डुलकीत. बोट पुरती टेकायच्या आत निम्मे लोक उभे राहून कठड्याशी जमतात आणि फळी पडायची वाट न बघता काही जण उडी मारतात. तुम्ही मारू नका. संध्याकाळी सहाला हाच प्रवास उलटा करा आणि असं तीन दिवस करा. तिसऱ्या दिवशी तुम्हीही मान वर करणार नाही, आणि मी नेमकं तेच म्हणते आहे.

एक सावधगिरीची सूचना. लोदोस नावाचा दक्षिणेचा वारा सुटला की वापुर बंद पडतात आणि शहरातल्या निम्म्या लोकांचं डोकं दुखायला लागतं. निदान तसं ते सांगतात. त्या दिवशी मारमरायने जा.

वापुरनंतर दोल्मुश. हे शेअर जीपसारखं प्रकरण आहे. ठरलेला मार्ग, गाडी भरली की सुटते. मी पहिल्यांदा बसले तेव्हा मागून कुणीतरी माझ्या खांद्याला नोट लावली आणि काहीतरी म्हणालं. मला वाटलं, पैसे पडले होते ते परत देताहेत. मी "नाही, माझे नाहीत" असं खुणेने सांगत राहिले आणि गाडीभर हसू पिकलं. रीत अशी की मागचा प्रवासी भाडं पुढच्याच्या हातात देतो, "उझातिर मिसिनिझ?" म्हणजे "पुढे सरकवता का?" असं म्हणतो, नोट हातोहात ड्रायव्हरपर्यंत जाते आणि सुटे पैसे त्याच वाटेने परत येतात. ड्रायव्हर एका हाताने चालवतो, दुसऱ्याने मोड मोजतो. कुणी पैसे मधे ठेवून घेतल्याचं मी तीन वर्षांत पाहिलं नाही. उतरायचं असेल तर "मुसाइत बिर येरदे इनेजेक वार" म्हणा, म्हणजे सोयीच्या जागी कुणी उतरणार आहे. हे एक वाक्य पाठ करा. ते अडखळत म्हटलंत तरी गाडीतले तीन जण तुमच्या वतीने ड्रायव्हरला ओरडून सांगतील.

भाषेची तुम्ही उगीच धास्ती घेतली असेल. तुर्कीत फारसी-अरबी शब्द भरपूर आणि आपल्या मराठीतही, त्यामुळे ओळखीचे चेहरे पावलोपावली भेटतात. जेवणाचं बिल म्हणजे 'हेसाप', आपला हिशेब. टिप म्हणजे 'बाहशिश', आपलं बक्षीस. चौक म्हणजे 'मेयदान'. वही म्हणजे 'देफ्तेर', ते आपल्याकडे दप्तर झालं. तयार म्हणजे 'हाझिर'. सगळ्यात मजा नात्यांच्या शब्दांची. अनोळखी माणसाला तिथेही नात्यानेच हाक मारतात. थोड्या मोठ्या पुरुषाला 'आबी' म्हणजे दादा, बाईला 'आबला' म्हणजे ताई, वयस्क पुरुषाला 'आमजा' म्हणजे काका, आणि वयस्क बाईला 'तेयझे'. तेयझे म्हणजे आत्या नव्हे, काकू नव्हे, नेमकी मावशी. आत्याला वेगळा शब्द आहे, 'हाला', आणि तो अनोळखी बाईला सहसा कुणी वापरत नाही. तुम्हाला पन्नाशीनंतर बाजारात कुणी 'तेयझे' म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नका. भाजीवाला मुत्सद्दी असेल तर 'आबला'च म्हणेल.

दोन वाक्यं मात्र "थँक यू"पेक्षा जास्त दारं उघडतात. काम करणाऱ्या कुणालाही, म्हणजे झाडूवाला, सुतार, दुकानदार, अगदी गल्लीत पाइप दुरुस्त करणारा असला तरी, जाता-येता 'कोलाय गेल्सिन' म्हणायचं. काम सोपं जावो. आणि कुणी रांधून वाढलं की 'एलिनिझे साअ्लिक', तुमच्या हातांना आरोग्य लाभो. परदेशी माणूस हे म्हणतो तेव्हा समोरचा क्षणभर थांबतो आणि मग हसतो. नकाराचीही एक खूण शिकून ठेवा. 'नाही' म्हणताना ते मान हलवत नाहीत, भुवया किंचित उंचावतात आणि जिभेने 'च्' करतात. पहिले काही दिवस मला हा उद्धटपणा वाटायचा. तो नुसता नकार असतो.

चहाबद्दल थोडं सविस्तर, कारण तुमचा निम्मा वेळ त्यातच जाणार आहे. दोन मजली किटली असते. खाली उकळतं पाणी, वर दाट अर्क. ग्लास बारीक कमरेचा, बिनकानाचा, काठाला धरायचा. आधी वरचा अर्क, मग खालचं पाणी. जास्त पाणी हवं असेल तर 'आचिक', कडक हवा तर 'देम्ली'. उत्तम चहाचा रंग 'सशाच्या रक्तासारखा' असावा असं म्हणतात. दूध नाही. मागितलंत तर आणून देतील, पण डोळ्यांत दया दिसेल. आणि 'एल्मा चायी' म्हणजे सफरचंदाचा चहा हा फक्त पर्यटकांसाठी आहे, मी तो कुणा इस्तंबूलकराच्या घरात पाहिलेला नाही. ग्लास रिकामा झाला की पुन्हा भरला जातो. पुरे असेल तर चमचा ग्लासवर आडवा ठेवा. हे सगळं फार पुरातन वाटतं, पण तसं नाही. इस्तंबूल मुळात कॉफीचं शहर. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून इथे कॉफीखाने आहेत. चहा घरोघरी आला तो काळ्या समुद्राकाठच्या रिझे भागात त्याची लागवड वाढल्यावर, विसाव्या शतकात.

त्या कॉफीखान्यांत आजही पुरुष बसून 'तावला' खेळतात. हा सोंगट्यांचा डाव. खेळ कळला नाही तरी फासे ऐका. एरवी तुर्की आकडे बोलणारी माणसं फाशांसाठी फारसी आकडे वापरतात. पाच-तीन पडले की 'पेन्जूसे', दोन-दोन 'दुबारा', सहा-सहा 'दुशेश'. अचानक घबाड मिळालं तरी 'दुशेश'च म्हणतात. सोंगटी जेवढ्या जोरात आपटाल तेवढं बरं. यजमानांना एखाद्या दुपारी तिथे बसवा. दोन दिवसांत कुणीतरी समोरची खुर्ची ओढून देईल. बायकांनी तिथे जाऊ नये असा नियम नाही, पण जुन्या वस्तीतल्या कॉफीखान्यात सगळ्या माना वळतात आणि तुम्हालाच अवघडल्यासारखं होतं. त्याऐवजी 'चाय बाहचेसी' म्हणजे चहाच्या बागेत जा, तिथे कुटुंबं असतात. उस्कुदारच्या पुढे चेंगेलकॉयला पाण्याकाठी जुन्या चिनाराखाली अशी एक बाग आहे. चहा त्यांचा घ्यायचा, खाणं शेजारच्या बेकरीतून आपलं आपण आणलं तरी चालतं. आणि हो, चिनाराला तुर्कीत 'चिनार'च म्हणतात.

आठवडी बाजार चुकवू नका. ग्रँड बाजार एकदा बघा (रविवारी बंद असतो), पण तिथे इस्तंबूलकर मटार-टोमॅटो घ्यायला जात नाहीत. ते जातात आपल्या वस्तीच्या 'पाझार'ला. तुर्कीत 'पाझार' म्हणजे बाजारही आणि रविवारही, आणि सोमवार म्हणजे 'पाझारतेसी', बाजारानंतरचा दिवस. कादिकॉयचा बाजार मंगळवारचा, फातिहचा बुधवारचा. फातिहमधल्या त्या भागाचं नावच 'चार्शांबा', म्हणजे बुधवार. फातिहला मशिदीभोवतीच्या गल्ल्यांत ताडपत्र्या ताणलेल्या असतात आणि खाली आरोळ्या. भाव पाटीवर लिहिलेले असतात, घासाघीस करायची नसते. ती पर्यटकांच्या दुकानातली कला. स्वस्त हवं असेल तर संध्याकाळी जा, उरलेला माल उतरत्या भावात जातो, त्याला 'आक्शाम पाझारी' असा शब्दच आहे. ऑक्टोबरात डाळिंबं असतील, ऑलिव्हच्या राशी असतील, आणि 'आय्वा' नावाचं पिवळं, लव असलेलं फळ असेल. ते कच्चं खाल्लं तर घशात अडकतं, म्हणून "आय्वा खाल्लं" याचा अर्थ "आता फसलो". चीजवाला सुरीच्या टोकावर तुकडा पुढे करेल. घ्या, खा, आवडला नाही तर तसं सांगा, तो रागावत नाही. पण तीन दुकानांत चाखून कुठेच काही घेतलं नाही, असं करू नका.

जेवण. यजमानांचं काही अडत नाही. तुमच्यासाठी सांगते. दुपारी बारा-साडेबाराला 'एस्नाफ लोकांतासी' शोधा. एस्नाफ म्हणजे कारागीर-दुकानदार, त्यांची ही खानावळ. काचेमागे वाफेवर परातींत दहा-पंधरा पदार्थ मांडलेले असतात, बोट दाखवायचं. दोन-अडीचनंतर चांगलं संपलेलं असतं. 'झेयतिनयाल्ली' हा तुमचा शब्द, म्हणजे ऑलिव्ह तेलात शिजवून गार खायच्या भाज्या. फरसबी, आर्टिचोक, भरलं वांगं. वांग्याचं नाव 'इमाम बायिल्दी', म्हणजे इमामाला भोवळ आली. मसूर सूप सगळीकडे मिळतं, पण ते आणि पांढऱ्या घेवड्याची उसळ मटणाच्या पाण्यात शिजवलेली असू शकते, म्हणून 'एत सुयू वार मी?' असं विचारा. नुसतं 'एतसिझ' म्हणजे बिनमांसाचं एवढं विचाराल तर रस्सा त्यांच्या हिशेबी मांस नसतो. 'चि कोफ्ते' नावाला कच्च्या मांसाचे गोळे आहेत, पण छोट्या दुकानांत आता ते दलियाचेच मिळतात, तिखट आणि झकास. लेट्यूसच्या पानात गुंडाळून खा. भाव मी मुद्दाम देत नाही. लिराची महागाई अशी आहे की सहा महिन्यांत आकडा खोटा ठरतो.

बेकरीत 'आस्किदा एक्मेक' अशी पाटी दिसली तर तिचा अर्थ टांगलेला पाव. तुम्ही दोन पावांचे पैसे देता, एक घेता, एक 'टांगून' ठेवता. ज्याला गरज आहे तो येऊन मागतो आणि घेऊन जातो. देणारा कोण, घेणारा कोण, कुणी विचारत नाही. पावाला तिथे मान आहे. रस्त्यावर तुकडा पडलेला दिसला तर माणसं उचलून कुणाचा पाय लागणार नाही अशा उंच जागी ठेवतात. उरलेला पाव कचऱ्यात न टाकता वेगळ्या पिशवीत कठड्याला अडकवतात.

बाकीचं झरझर. हमामाला एकदा जा. चेंबरलिताशचा 1584 चा हमाम सुंदर आहे, पण तिथे आता बहुतेक पर्यटकच. घरमालकांना वस्तीतला विचारा, आणि बायकांचा वेगळा भाग आहे की वेगळे दिवस तेही विचारा. 'वेफा' वस्तीत 1876 पासून बोझा विकणारं दुकान आहे. ज्वारीसारख्या बारीक धान्याचं आंबवलेलं दाट पेय, वर दालचिनी. समोरच्या दुकानातून फुटाणे घेऊन त्यात टाकायचे. मला आवडतं, माझ्या गटातल्या दहापैकी सातांना नाही. आया सोफियाच्या वरच्या सज्जासाठी परदेशी पाहुण्यांना 2024 पासून तिकीट आहे, तिथे सकाळी पहिल्या तासात जा. सुलेमानिये मशिदीत नमाज नसेल तेव्हा जा आणि आत बघून झालं की अंगणात अर्धा तास नुसतं बसा. मुक्काम 29 ऑक्टोबरपर्यंत असला तर प्रजासत्ताक दिनाचे झेंडे बाल्कनीबाल्कनीतून दिसतील. पुढे चालणाऱ्या बूटपॉलिशवाल्याच्या हातून ब्रश पडला तर उचलून देऊ नका. तो पैसे उकळण्यासाठी मुद्दाम पाडलेला असतो.

मांजरांना फोटोची हरकत नसते. त्या शहरात त्या कुणाच्याच नसतात आणि सगळ्यांच्या असतात. कादिकॉयजवळ झिव्हरबेला तोंबिली नावाच्या एका लठ्ठ मांजरीचा पुतळा 2016 मध्ये बसवलाय, ती जशी फुटपाथच्या पायरीवर कोपर टेकून रेलायची तसाच. माणसांचा फोटो काढायचा तर विचारा, आणि कुणाच्या घराचा दरवाजा, खिडकी, दोरीवरचे कपडे सोडून द्या. कुझगुंजुकसारख्या वस्तीत तर मालिकांच्या शूटिंगने आधीच लोक त्रासलेले आहेत. तिथे जायचंच तर गल्लीच्या मागे असलेल्या भाजीच्या वाफ्यांकडे जा. ती जमीन बांधकामापासून रहिवाशांनी भांडून वाचवली. सकाळी तिथे टिकाव घेऊन आजोबा असतात. त्यांना काय म्हणायचं ते तुम्हाला आता माहीत आहे.

या सगळ्यात कुणीतरी घरी बोलावेलच. पहिलं आमंत्रण तोंडदेखलं असू शकतं, दुसऱ्यांदा बोलावलं तर जा. गोडाचा डबा न्या, दुकानदार रिबीन बांधून देतो. चपला दाराबाहेर किंवा उंबऱ्याच्या आत, आणि घरातल्या सपाता तुमच्यासाठी काढून ठेवलेल्या असतात, त्या घालायच्या. अनवाणी राहिलात तर यजमानीण अस्वस्थ होते. आल्याबरोबर हातावर लिंबाच्या वासाचं कोलोन्या शिंपडतील, तळहात पुढे करा. जेवणानंतर कॉफी, आणि कॉफीनंतर कुणी म्हणालं तर कप बशीवर उपडा करा. गार झाला की घरातली एखादी आबला गाळात बघून तुमचं भविष्य सांगेल, त्यात एक लांबचा प्रवास हमखास असतो. निघायचं म्हणून उठलात तरी लगेच निघणं होत नाही. दारात, मग जिन्यात, मग खाली फाटकाशी असे तीन निरोप होतात. त्याला अर्धा तास धरून ठेवा, नाहीतर शेवटचा वापुर चुकेल.